गोफणवाल्याचा हात

ओरखडा साडेपाच मिलिमीटर लांब होता.

हिरव्या पुट्टीच्या वाटाण्याएवढ्या गोळीवर अंगठ्याचा ठसा उठला होता, आणि त्या ठशातल्या सगळ्या रेषा एका ठिकाणी तिरक्या कापल्या गेल्या होत्या. मी भिंगाखाली पट्टी धरून तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा साडेपाच.

असा अंगठा मला एकच माहीत होता. १९७१ साली पातं सटकून तो कापला गेला तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

तो अंगठा सात वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. बाकीच्या लायनेलसकट.

मी एनिड ओल्डरशॉ. डर्बीशायरमधल्या वर्क्सवर्थच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, ही जुनी सवय आहे. खाली लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. तारखा आणि वजनं माझ्या वहीतली आहेत, त्यात एकही आकडा मी मागाहून बदललेला नाही.

तो रविवार होता, २२ ऑक्टोबर २०००. दुपारचे पावणेतीन. जागा आमच्या घरामागची जुनी धुण्याची खोली.

त्या खोलीत माझा नवरा सैनिक घडवायचा. बोटाच्या दोन पेरांएवढे. टेबलावर प्राचीन काळच्या लढाया खेळणाऱ्या लोकांसाठी. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर पुट्टी चढवून माणूस कोरायचा, मग रबराचा साचा काढून त्यात शिसं ओतायचं. पण त्याचा खरा जीव होता तो फेरबदलात. एकाचं मुंडकं कापून दुसऱ्याच्या धडावर बसवायचं. सरळ हात कोपरातून कापून, आत तारेची खिळी घालून, वाकवायचा. साच्यातून निघालेले पन्नास सैनिक सारखे दिसता कामा नयेत, असा त्याचा हट्ट.

"आधी हात करायचे," तो म्हणायचा. "एवढ्याशा आकारात तोंड खोटं बोलू शकतं. हात नाही."

शनिवारी, १३ नोव्हेंबर १९९३ला, सकाळी नऊ वीसला, लापशी खाऊन तो मॅटलॉकला रंग आणायला म्हणून गेला. परत आला नाही.

पोलिसांनी माळ पालथा घातला. कुत्री आणली. काही मिळालं नाही. मग गावात कुजबुज सुरू झाली, की कोणी बाई असणार. मी ते ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. पळून गेलेला माणूस जिवंत असतो.

खोलीला मी नवीन कुलूप लावलं. किल्ली एकच. दर महिन्याच्या एक तारखेला ओल आली आहे का ते बघायला आत जायचं, बाकी वेळ बंद.

एक ऑक्टोबरला मी गेले तेव्हा बाकावर, बुचावर टोचलेला, एक अर्धवट गोफणवाला उभा होता. सात वर्षं होता तसाच. उघडं शिसं.

बावीस ऑक्टोबरला, रात्रभर पाऊस झाला म्हणून मी मधेच आत गेले, तर त्याच्या गुडघ्यावर हिरवी पुट्टी होती, आणि शेजारी तिचीच उरलेली गोळी.

मी नख लावलं...

नख आत गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही पुट्टी दोन पट्ट्यांची असते, निळी आणि पिवळी. दोन्ही मळल्या की हिरवी होते. मळल्यावर तासदोन तास काम करता येतं. दुसऱ्या दिवशी दगड.

म्हणजे ती पुट्टी त्याच दिवशी मळलेली होती. जेवणानंतर केव्हातरी.

मी दाराबाहेर आले. कुलूप तपासलं. किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे, तिच्या खुंटीवर होती.

तेव्हा भुताचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला मॉरिसचा संशय आला.

मॉरिस टॉपलिस हा लायनेलचा शाळेपासूनचा मित्र. चुनखडीच्या खाणीत काम केलेला, एका अपघातानंतर डावा खांदा कायमचा खाली उतरलेला. दर शनिवारी तीन वाजता तो मांस भरून भाजलेला पोर्क पाय घेऊन माझ्याकडे चहाला यायचा. लायनेल गेल्यानंतरही एक शनिवार चुकवला नाही. मला ते आधी प्रेमळ वाटायचं. नंतर नंतर वाटायला लागलं, हा दर वेळी काहीतरी बघायला येतो.

त्याची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. चूक दिसली की त्याला गप्प बसवत नसे. प्रदर्शनात परक्या माणसाच्या सैनिकाची ढाल उचलून "पट्टा उलटा आहे" म्हणायचा. आमच्या लग्नात भाषणाला उभा राहिला आणि पाद्रीबाबांनी चर्चचं साल चुकीचं सांगितलं म्हणून निम्मं भाषण त्यातच घालवलं. लायनेल म्हणायचा, "मॉरिसला फाशी दिली तर गाठ चुकली म्हणून सांगेल."

आणि ते दोघं टेबलावर लढाया खेळायचे त्या क्लबाची एक रीत होती.

सभासद वारला की त्याचं सैन्य एकदा, शेवटचं, टेबलावर मांडायचं आणि लढवायचं. त्याच्या वाटचे फासे टाकायचे ते, ज्याने त्याला शेवटचं जिवंत पाहिलं असेल त्याने. बहुतेक वेळा ती बायको असे. एकदा म्हाताऱ्या हॅरॉपच्या वतीने दवाखान्यातल्या नर्सने टाकले होते आणि ती जिंकली होती. हॅरॉप आयुष्यात कधी जिंकला नव्हता.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मॉरिसने परत विषय काढला होता.

"सात वर्षं होतील, एनिड. कायदासुद्धा सातच म्हणतो. नोव्हेंबरच्या बैठकीत त्याला टेबलावर घेऊ या."

"ते मेलेल्यांसाठी असतं."

"हो, म्हणूनच म्हणतोय."

"मग त्याचं नाव कशाला घेतोस?"

त्याने चहा ढवळला. मग म्हणाला, "फासे तुलाच टाकायचेत. शेवटचं तूच पाहिलंस. लापशी तूच वाढलीस."

"त्याच्या सैन्यात सेनापती नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. पेटीत दोनशे बारा रोमन सैनिक होते आणि सेनापतीची खाच रिकामी होती. "बिनसेनापतीचं कसं लढवणार?"

"माझा एखादा ठेवू."

"तो लायनेलला चालला नसता."

"लायनेलला काहीच चालत नसे," मॉरिस म्हणाला.

तर हा मॉरिस. किल्ली कुठे असते ते त्याला माहीत. लायनेलच्या हाताची पद्धत त्याला माहीत. अंगठ्याचा ठसासुद्धा, मी विचार केला, साचे काढणाऱ्या माणसाला जुन्या पुट्टीवरून उचलता येईल. फक्त एक बसत नव्हतं. मी लायनेलला मेला म्हणावं अशी ज्याची इच्छा, तो माणूस लायनेल जिवंत असल्याचा देखावा कशाला करेल?

मी मोजमाप सुरू केलं.

शाळेने टाकून दिलेला तराजू माझ्याकडे होता. बुचासकट गोफणवाला १९.३६ ग्रॅम. पुट्टीची उरलेली पट्टी १४.२० ग्रॅम. त्याच पट्टीतली चिमूटभर मळून मी माझी एक गोळी केली आणि शेजारी ठेवली. सात वर्षं जुनी पट्टी. माझ्या हातात ती दाणेदार झाली. त्याची मात्र लोण्यासारखी होती.

मग दारापासून बाकापर्यंत जमिनीवर टाल्कम पावडर चाळली. साच्यांना लावायला लायनेल डबेच्या डबे आणून ठेवायचा. थोडी बाकावरही चाळली. कुलूप लावलं. किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली, खिशाला पिन लावली.

बुधवारी, दुपारी दोनला, उघडलं.

पावडरीवर एकही पाऊल नव्हतं.

माझी गोळी दगडासारखी घट्ट होती.

गोफणवाल्याचा पाय गुडघ्याखाली कापून पुन्हा बसवला होता. वाकडा. माणसाचा पाय तसा वाकत नाही. मोडला तरच वाकतो.

मी वजन केलं. गोफणवाला १९.८१. पट्टी, माझी चिमूट वजा धरून, १३.७५. इकडे पंचेचाळीस शतांश जास्त, तिकडे पंचेचाळीस शतांश कमी. जो कोणी होता, तो निसर्गाचे नियम पाळत होता. का कोण जाणे, त्याने मला धीर आला.

आणि मग माझं लक्ष बाकाच्या कडेकडे गेलं...

पावडरीत दोन लांबट डाग पुसलेले होते. एकमेकांपासून एक्केचाळीस सेंटिमीटर.

माणूस स्टुलावर बसून कोपरं टेकतो, तिथे.

स्टुलाभोवतीची पावडर जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी मी नोरीनला बोलावलं. नोरीन माझी नणंद, लायनेलची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. तिने सगळं ऐकलं, कोपरांचे डाग बघितले, आणि स्वयंपाकघरात येऊन ओटकेक तव्यावर टाकला. घाबरली की ती काहीतरी भाजते.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावेन. विचार."

"हे तूच करत नाहीयेस ना, एनिड? झोपेत वगैरे?"

"झोपेत मी गुडघा कोरते?"

"तू जागेपणी बटण लावू शकत नाहीस धड, ते मला माहितेय. पण माणूस एकटा राहिला की काय काय करतो. आमची मावशी मेलेल्या मांजराला दूध ठेवायची."

मी हात पुढे केले. "नखं बघ. ही पुट्टी नखांत जाते, दोन दोन दिवस निघत नाही."

तिने खरंच बघितली. दहाच्या दहा, खिडकीपाशी नेऊन. मला वाईट वाटलं, पण तिच्या जागी मीही बघितली असती.

"मग मॉरिस," ती म्हणाली.

"पावडरीवर पावलं नाहीत."

"मग कोण?"

मी किटली ठेवली. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यात एकच भिंत आहे, एका विटेची. ओटकेकचा वास येत होता.

तेव्हा ते ऐकू आलं...

कानस.

तीन घासे. मग फुंकर.

तीन घासे. मग फुंकर.

शिशाचा भुगा उडवायला लायनेल फुंकर मारायचा. मी बावीस वर्षं त्याला सांगत होते, तोंडावर फडकं बांध, ते विष आहे.

नोरीनच्या हातातला झारा तसाच राहिला.

किटलीची शिटी वाजली. कानस थांबली. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला, फरशीवर, एकदाच. शिटी ऐकली की तो चहाला उठायचा.

आम्ही मागच्या दाराकडे बघत राहिलो.

कोणी आलं नाही.

किटलीतलं पाणी आटत आलं तेव्हा मी गॅस बंद केला. नोरीन म्हणाली, "ओटकेक करपला." एवढंच.

त्यानंतर मी रोज दुपारी दोनला खोली उघडत गेले. वहीत तेरा नोंदी आहेत. सगळ्या इथे देत नाही.

एकोणतीस ऑक्टोबर : गोफणवाल्याचं शिरस्त्राण गेलं. त्या जागी सपाट टोपी. लायनेल घालायचा तशी, डाव्या कानावर किंचित ओढलेली.

एक नोव्हेंबर : तो बुचावर उभा राहिला नव्हता. आडवा होता. पाठीवर.

पाच नोव्हेंबर : त्याच बुचावर दुसरा सैनिक आला.

हा पेटीतला होता. मी मोजले, दोनशे अकरा उरले होते. तोही गोफणवालाच, पण त्याच्या गोफणीची दोरी तारेने लांबवली होती. ती त्याच्या कमरेपासून निघून, पुढे धरलेल्या उजव्या हातातून, खाली पडलेल्या माणसाच्या दिशेने लोंबत होती. त्याच्यापर्यंत पोचत नव्हती.

दुसऱ्याचा चेहरा मोघम होता, भिंगाखालीही. पण उभं राहण्याची ढब मोघम नव्हती.

त्याचा डावा खांदा खाली उतरलेला होता.

मी नोरीनला दाखवलं. तिने भिंग हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"ही टोपी आमच्या लायनेलची," ती म्हणाली.

"हो."

"आणि हा..."

"नाव घेऊ नकोस. मला नाव सुचवू नकोस. तो शनिवारी येईल तेव्हा त्याच्यापुढे ठेवू. काही विचारायचं नाही. नुसतं ठेवायचं."

"तुझी ही शाळेतली प्रयोगशाळा नाहीये, एनिड. तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

शनिवार, ११ नोव्हेंबर. तीनला दोन मिनिटं कमी. बाहेर अंधारून आलं होतं म्हणून मी स्वयंपाकघरातला दिवा लावला. मॉरिस आला, टोपी खुंटीवर टांगली, पोर्क पाय टेबलावर ठेवला. नोरीनला बघून म्हणाला, "आज बंदोबस्त आहे वाटतं."

"मी तुझ्या पायसाठी आलेय," नोरीन म्हणाली. "मागच्या वेळचा कोरडा होता."

"मागच्या वेळी तू नव्हतीस."

"एनिडने सांगितलं. शिळा आणतोस म्हणाली."

"शिळा नव्हता. खारट होता. त्यात फरक आहे."

तो बसला. मी चहा ओतला. मग कपाटातून बूच काढलं आणि त्याच्या बशीशेजारी, दिव्याखाली ठेवलं.

त्याने बशी बाजूला सरकवली. वरच्या खिशातून चष्मा काढला. बूच हलक्या हाताने फिरवलं, डावीकडून, मग उजवीकडून, प्रदर्शनात बघायचा तसं. कोणी केलं हे त्याने विचारलं नाही. ते मी लगेच टिपलं. सात वर्षं गेलेल्या माणसाचं काम, ताजं, पुढ्यात आहे, आणि हा विचारत नाही.

मग त्याने सुईच्या टोकाएवढ्या त्या हाताकडे बोट केलं आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाला,

"हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"हात. बोटं उघडी दाखवलीत. मूठ बंद पाहिजे. दोर तुटला तेव्हा मूठ बंद..."

तो थांबला.

नोरीनने कप खाली ठेवला. बशीवर टेकताना त्याचा एकच आवाज झाला.

वर्गात मुलगा स्वतःहून उत्तराकडे येत असतो तेव्हा मध्ये बोलायचं नसतं.

"टेकडीमागची जुनी शिशाची खाण," मॉरिस म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "फळ्या टाकून झाकलेलं एक तोंड होतं. त्याला सेनापतीसाठी तिथलं शिसं हवं होतं. रोमनांनी खणलेल्या शिशाचा रोमन सेनापती. मी म्हटलं, कोणाला कळणारे? तो म्हणाला, मला कळेल."

हे लायनेलचंच वाक्य होतं. त्यात शंका नव्हती.

"तुला सांगायचं नाही म्हणाला. तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"दोर माझ्या कमरेला होता. जुना होता. खाणीतला. मी नीट बघून घेतला नव्हता. तो पंधरा फूट गेला असेल. मग..." त्याने चष्मा काढला. "मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. पाणी आहे खाली. मी फळ्या परत टाकल्या."

"आणि तुला सर्दी झाली होती म्हणून पोलिसांना सांगितलंस," नोरीन म्हणाली. "दिवसभर घरी होतो म्हणालास. मी तुला सूप आणून दिलं त्या दिवशी, मॉरिस."

"हो."

"मी सूप आणून दिलं."

"दोर तुटला, नोरीन. मी सोडला नाही. हे..." त्याने पुन्हा बुचाकडे बोट केलं. "हे चूक दाखवलंय. मूठ बंद होती. देवाशपथ बंद होती."

तेव्हा भिंतीपलीकडून आलं...

तीन घासे. मग फुंकर.

मॉरिसने मान वळवली. म्हणजे त्यालाही ऐकू आलं. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण नंतर तो नाही म्हणाला.

तीन घासे.

फुंकर आली नाही.

नोरीन उठली, बाहेरच्या खोलीत गेली. टेलिफोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. आधी एक चुकीचा नंबर लागला असावा, कारण तिने परत पहिल्यापासून दाबली.

पुढे काय झालं ते लांबवत नाही. फळ्या निघाल्या. पाण्याखाली तो होता, डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला. दोराचा तुकडाही होता, पण सात वर्षं पाण्यात राहिलेल्या दोराचं टोक तुटलं की सुटलं, हे तपासणाऱ्यांना सांगता आलं नाही. मी त्यांचा अहवाल दोनदा वाचला. काम प्रामाणिक होतं. माझं मतही त्याहून वेगळं झालं नसतं.

खोलीतून त्यानंतर आवाज आलेला नाही. पट्टीचं वजन बदललेलं नाही. ते बूच मी बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला उघडते. टोपी घट्ट आहे. मोडलेला पाय घट्ट आहे. खांदा, दोर, सगळं दगड.

फक्त तो उजवा हात...

नख लावलं की आत जातं. अजून.

मिश्रण कमीजास्त झालं असेल तर पुट्टी कधीच पुरती घट्ट होत नाही, हे मला माहीत आहे. वहीत मी तेच लिहिलं आहे. पण लायनेल हात आधी करायचा, आणि बावीस वर्षांत त्याच्या हातून मिश्रण एकदाही बिघडलं नव्हतं. हातांच्या बाबतीत तो कधी चुकलाही नव्हता. एवढं असूनही बोटं उघडी आहेत असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. काही महिन्यांत ती मला थोडी मिटल्यासारखी दिसतात. काही महिन्यांत नाही. ती मोजता येतील इतकी मोठी नाहीत.

पण त्या शनिवारी मला हे काही माहीत नव्हतं. नोरीन बाहेर फोनवर पत्ता सांगत होती. मॉरिस हात मांडीवर ठेवून बसला होता, चहा तसाच. पोर्क पाय कोणी कापला नव्हता.

"आता काय करणार आहेस?" त्याने विचारलं.

मी उठले. कोपऱ्यातली सैन्याची पेटी उचलली. जड होती. ती टेबलावर त्याच्यापुढे ठेवली आणि कडी काढली.

सात वर्षं जे वाक्य मी तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं, ते मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहान निघालं.

"लायनेल मेला आहे," मी म्हटलं. "मांडा त्याचं सैन्य. फासे मी टाकणार नाही, मॉरिस. ते तू टाकायचेस."